तांबडी खिंड कोणाची?

१

ज्या माणसाचा शनिवारी सत्कार व्हायचा होता, त्याला चोर ठरवायला बाई गुरुवारी घरी आल्या, आणि येताना घरी भाजलेला केकही घेऊन आल्या. जर्मन माणूस वाईट बातमी द्यायलासुद्धा रिकाम्या हाताने जात नाही, हे मीनलला त्या दिवशी कळलं.

बाईंचं नाव फ्राऊ केसलर. लुडविग्सहाफेनच्या बाहेर, जिथे जंगल सुरू होतं तिथे, एक वेस्टर्न क्लब आहे, त्याच्या त्या अध्यक्षा. या क्लबात एरवी बँकेत आणि कारखान्यात काम करणारी शहाणीसुरती माणसं शनिवार-रविवारी काउबॉय होतात. त्यांनी पश्चिमेतल्या दारूच्या गुत्त्यासारखं लाकडी सलून बांधलंय, घोडे पाळलेत, आणि हॅटची कड किती वळलेली असावी यावर ती तास-तासभर भांडू शकतात. हसण्यावारी न्यायची ही माणसं नव्हेत. अमेरिकेच्या रानटी पश्चिमेवर त्यांचा जीव आहे.

सत्कारमूर्ती होते मीनलचे सासरे, आत्माराम कुंभोजकर. वय ब्याऐंशी. इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत टाइमकीपर म्हणून जन्म गेला. अमेरिका पाहिली नाही. घोड्यावर बसले ते एकदाच, वरातीत, आणि तेव्हाही दोन माणसं दोन्ही बाजूंनी धरून होती. पण याच माणसाने काउबॉय, शेरीफ आणि दरोडेखोरांची त्र्याहत्तर पॉकेटबुकं लिहिली. ती एसटी स्टँडवर मिळायची, हातोहात फाटायची. समीक्षक नावाच्या जमातीने त्यांच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. शाल नाही, श्रीफळ नाही, साधा हार नाही. ते सुनेकडे तीन महिन्यांसाठी आले, मराठी मंडळाच्या दीनानाथकाकांनी क्लबाशी बोलून कार्यक्रम जुळवला, आणि म्हातारा गेले पंधरा दिवस रोज कोटाला इस्त्री करत होता.

"आल्झो, तर मग," फ्राऊ केसलर कप खाली ठेवत म्हणाल्या, "कार्यक्रमात वाचण्यासाठी तुमच्या 'तांबडी खिंड'चं पहिलं प्रकरण तुमच्यापैकी एका मुलीने जर्मनमध्ये करून दिलं. आमच्या उवेने ते वाचलं. तो आमचं ग्रंथालय सांभाळतो. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला."

त्यांनी पिशवीतून एक पातळसं पुस्तक काढलं. नाव 'रोटे श्लुख्ट', म्हणजे तांबडी खिंडच. लेखक हेर्बर्ट रेन्श, क्लबाचे संस्थापक. आयुष्यात त्यांनी लिहिलेलं हे एकमेव पुस्तक, स्वखर्चाने छापलेलं. आता त्याची एवढी एकच प्रत उरली होती आणि ती क्लबाच्या कपाटाबाहेर फारशी पडत नसे.

"नायकाचं नाव बदललंय, बाकी सगळं तेच आहे. तीच विधवा, तोच पळवलेला मुलगा. आमचं पुस्तक अठ्ठ्याहत्तरचं. तुमचं?"

मीनलने कपाटातून 'तांबडी खिंड' काढून पाहिलं. प्रथमावृत्ती, एक्क्याऐंशी.

"मी आरोप करत नाही," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण हेर्बर्ट आमच्यासाठी वडिलांसारखे होते. वर्तमानपत्राची बातमीदारही येणार आहे. शनिवारी सत्काराआधी तुम्ही सगळ्यांसमोर काय ते सांगा. पटलं तर सत्कार करू. नाही पटलं, तर... कॉफी तरी घेऊ."

आत्मारामांना जर्मन कळत नव्हतं, पण दोन पुस्तकं शेजारी ठेवलेली त्यांना दिसत होती. त्यांनी जर्मन पुस्तक उचललं आणि मागची बाजू पाहिली. तिथे हॅट घातलेल्या एका गोऱ्या माणसाचा फोटो होता. म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हा तर रेन्श," ते मराठीत म्हणाले. "याला मी आमच्या गिरणीत भाकरी खाऊ घातलीय."

फ्राऊ केसलरनी प्रश्नार्थक नजरेने मीनलकडे पाहिलं. मीनलने त्या वाक्याचं भाषांतर केलं नाही.

२

मीनल पोटापाण्यासाठी जे काम करायची त्याला घरात कोणी फारसं विचारत नसे, कारण ते सांगायला कंटाळवाणं होतं. ती एका कंपनीच्या पेटंट विभागात होती. दोन माणसं एकाच युक्तीवर हक्क सांगतात तेव्हा ती आधी कोणाला सुचली हे शोधायचं. बारा वर्षं ती दुसऱ्यांच्या स्क्रूंसाठी आणि झडपांसाठी भांडत आली होती. आता पाळी घरच्या माणसाची होती, आणि तिचं डोकं भलतंच तापलं होतं.

बाई गेल्यावर आत्माराम स्वयंपाकघरात लसूण सोलायला बसले. मनाविरुद्ध काही झालं की ते लसूण सोलत, आणि त्या दिवशी त्यांनी आठवड्याचा लसूण सोलला.

"बाबा, सगळं सांगा," मीनल समोर बसत म्हणाली.

"सांगायचं काय? शहात्तर साली गिरणीत जर्मन यंत्रं आली. ती बसवायला हा रेन्श आला. आठ-दहा महिने गेस्ट हाऊसवर होता. एकटा जीव, तिखट खाऊन रडायचा. मी संध्याकाळी भाकरी आणि गूळ-तूप न्यायचो. तेव्हा माझ्या डोक्यात 'तांबडी खिंड' चालू होती. माझी पद्धत तुला ठाऊक नाही. मी गोष्ट आधी तोंडाने सांगायचो, मग कागदावर उतरवायचो. दुपारी कँटीनमध्ये कामगारांना एक प्रकरण सांगायचं. ऐकणाऱ्याची बिडी हातातच विझली, तर प्रकरण पास. तो ओढत राहिला, तर सगळं नव्याने."

"आणि तेच संध्याकाळी रेन्शला?"

"त्याला तर वेड लागलं होतं. यंत्रं बसवून झाली, तो गेला, गोष्ट त्याची अर्धी राहिली. मी मग सावकाशीने लिहिली. प्रकाशकाने दोन वर्षं दाबून ठेवली. एक्क्याऐंशीला आली."

"म्हणजे कागदावर काहीच पुरावा नाही."

"गोष्ट माझी आहे, याला कागद कशाला लागतो?"

मीनलने कपाळाला हात लावला. पेटंटवाल्या माणसाला याहून भयंकर वाक्य ऐकवता येत नाही. मग तिला दुसरंच काही सुचलं.

"बाबा, तेव्हा तुम्हाला जर्मन येत नव्हतं. इंग्रजी?"

"येस, नो, थँक्यू."

"आणि रेन्शला मराठी येत नसणार. मग मधे कोण होतं?"

आत्मारामांचे हात थांबले. लसणाची पाकळी त्यांनी ताटलीत ठेवली.

"बाबा, तो माणूस आपला एकुलता एक साक्षीदार आहे!"

"होतं कोणीतरी. त्याचं नाव मी घेणार नाही. तू विचारू नकोस."

रात्रीच्या जेवणाआधी गेर्लिंगेनहून तिच्या नवऱ्याचा, यशोधनचा फोन आला. तो नोकरीसाठी आठवडाभर तिकडेच राहायचा आणि शुक्रवारी घरी यायचा. सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, "मीनल, रागावू नकोस. पण त्या गेस्ट हाऊसवर कोणी कोणाला गोष्ट सांगितली हे आपल्याला कुठे माहितीये? रेन्शने सांगितली असेल, आणि बाबांनी..."

"ते तुझे वडील आहेत, यशोधन."

"म्हणूनच भीती वाटते गं," तो म्हणाला.

मीनलला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा आला की त्याचा प्रश्न बिनतोड होता. शनिवारी उवे हाच प्रश्न विचारणार होता.

३

शुक्रवारी तिने सुट्टी टाकली आणि सकाळीच ओगर्सहाइमला दीनानाथकाकांचं घर गाठलं. काका शहात्तर वर्षांचे, मंडळाचे कायमचे अध्यक्ष. इथल्या रसायन कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. नव्या आलेल्या विद्यार्थ्याला खोली मिळवून देण्यापासून कोणाच्या बाळाच्या बारशापर्यंत सगळीकडे हा माणूस हजर. ऋचाही तिथेच होती. ती हायडेलबर्गला पीएचडी करत होती आणि भाषांतर तिनेच केलं होतं. ती रडवेली झाली होती.

"मीनलताई, मी शपथ सांगते, ते जर्मन पुस्तक मी पाहिलेलंही नाही. मी आजोबांच्या पुस्तकातलं वाक्य न् वाक्य तसंच केलं."

"तुझ्यावर कोण संशय घेतंय?"

"तो उवे घेतोय! मला फोनवर म्हणाला, तुम्हीच आमचं पुस्तक वाचून भाषांतर सजवलं असेल. मी म्हटलं, अहो, ते तुमच्या कपाटात कुलूप लावून ठेवलंय, मी काय भिंतीतून आले?"

मीनलला हसू आलं. ऋचावरचा संशय तिने तिथेच पुसून टाकला. भाषा सजवता येते, पण उवेने जे ओळखलं होतं ते प्रसंग होते, आणि ते आत्मारामांच्या पुस्तकात पंचेचाळीस वर्षं छापलेले होते.

दीनानाथकाकांनी चहा आणला.

"काका, तुम्ही पण इचलकरंजीकडचेच ना? रेन्श नावाचा जर्मन गिरणीत आला होता, आठवतो?"

"मोठी गिरणी गं ती. किती यायचे, किती जायचे. मी त्र्याहत्तरला पुण्यात जर्मनचे क्लास केले, सत्त्याहत्तरला इथे आलो. मधे थोडे दिवस गिरणीत होतो, पण..." त्यांनी साखर दुसऱ्यांदा घातली. "हे बघ, आत्मारामासारखा माणूस चोरी करणार नाही. हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन."

"शनिवारी सांगाल?"

"सांगेन की. माझ्या सांगण्याला किंमत काय? मी असली पुस्तकं आयुष्यात वाचली नाहीत, ना त्याची ना याची. पण न्याय म्हणून बघ. एखाद्याने एक स्वार वाढवला, दोन घोड्यांचे रंग बदलले, म्हणून गोष्ट काय त्याची होते? गेनाऊ, अगदी हेच त्या लोकांना सांग."

मीनलने मान डोलावली. वाक्य छान होतं, वापरता येण्यासारखं होतं. निघताना ती दारातून वळली, तेव्हा काका चहाला हात न लावता तसेच बसलेले तिला दिसले.

४

क्लबाचं सलून दुपारी रिकामं होतं. उवे एकटाच खोगिरांना तेल लावत बसला होता. साठीचा, तांबूस दाढीचा, एरवी रेल्वेत सिग्नलचं काम पाहणारा माणूस. मीनलला पाहून तो उठला, हात पुसले, पण हसला नाही.

"पुस्तक इथेच बसून वाचा," तो म्हणाला. "मला तुमच्या सासऱ्यांशी वैर नाही. पण हेर्बर्टनी मला सोळाव्या वर्षी घोड्यावर बसवलं. दारुड्या बापाच्या घरातून मी इथे यायचो. तुम्ही त्यांना चोर म्हणणार असाल, तर पुराव्याने म्हणा."

"आणि तुम्ही माझ्या सासऱ्यांना?"

"मीसुद्धा," उवे म्हणाला. मीनलला तो माणूस आवडला.

वाचायला बसण्याआधी बाहेर टापा वाजल्या. दोन बायका आणि एक पुरुष रपेटीला निघाले होते. घोड्यावर चढण्याआधी तिघांनीही वाकून जमिनीवरून एकेक खडा उचलला आणि डाव्या खिशात टाकला.

"हे काय?"

"स्वाराचा दगड," उवेचा आवाज एकदम हळवा झाला. "आमची सगळ्यात जुनी रीत. एकटा निघो की दहा जण, खडा घेतल्याशिवाय आमच्यातला कोणी निघत नाही. पश्चिमेतले वाटाडे असं करायचे. परतीची वाट विसरू नये म्हणून, त्या जमिनीचा तुकडा सोबत."

"कुठे वाचलंत?"

"हेर्बर्टच्या पुस्तकात आहे ना. पाचवं प्रकरण."

"आणि दुसऱ्या कुठल्या पुस्तकात?"

उवे थबकला. त्याच्या मागे भिंतभर पुस्तकं होती. वाटाड्यांच्या आठवणी होत्या, फौजी दैनंदिन्या होत्या, रानटी पश्चिमेवर जगात जे छापलं गेलं त्यातलं बरंच होतं. त्याने ती चाळीस वर्षं वाचली होती. त्याची नजर ओळीने त्या भिंतीवरून फिरली.

"नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या कुठल्याच नाही. आम्हाला वाटायचं, हेर्बर्टना काहीतरी दुर्मीळ सापडलं होतं."

मीनलने पाचवं प्रकरण उघडलं. पहाट. विधवेचा मुलगा तांबड्या खिंडीत दरोडेखोरांच्या ताब्यात. नायक आणि त्याचे साथीदार निघायच्या तयारीत. नायक वाकतो, एक खडा उचलतो, खिशात टाकतो. का, ते लिहिलेलं नाही; परतीच्या वाटेचं कारण क्लबाने मागाहून जोडलं होतं. मग ते निघतात. तिने नावं बोटावर मोजली. नायक, म्हातारा वाटाड्या, दाढीवाला लोहार आणि ब्रेमेनहून आलेला एक हसरा जर्मन तरुण. ते चौघे होते.

पेटंटच्या कामात पहिल्याच वर्षी तिला एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने एक गोष्ट शिकवली होती. नक्कल पकडायची असेल तर यंत्राचा चांगला भाग बघायचा नाही, चांगलं कोणालाही सुचू शकतं. बिनकामाचा भाग बघायचा. जो स्क्रू कशासाठी आहे हे बनवणाऱ्याला ठाऊक नाही, पण मूळ यंत्रात होता म्हणून त्याने तोही घातला, तो स्क्रू चोराचं नाव सांगतो.

ती पुस्तक मिटून उठली.

"काही सापडलं?" उवेने विचारलं.

"उद्या सांगते," ती म्हणाली. तिला आधी घरी जाऊन एक पुस्तक वाचायचं होतं, जे तिच्या स्वतःच्या कपाटात बारा वर्षं उभं होतं.

५

खरं सांगायचं तर मीनलने सासऱ्यांचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. मुखपृष्ठावर पिस्तूल असलेली पुस्तकं आपल्यासाठी नसतात, अशी तिची शिक्षित समजूत होती. त्या संध्याकाळी ती 'तांबडी खिंड' घेऊन बसली ती पाचव्या प्रकरणापुरती, आणि भात करपल्याचा वास आला तेव्हा अकराव्यात होती. यशोधन घरी येऊन, बूट काढून, समोर उभा होता हेही तिला कळलं नाही. बिडी ओढत असती तर नक्की विझली असती.

"यशोधन, हे बघ," तिने पान उलटून दाखवलं.

नायक ल्यूक डॅनर, वाटाड्या आणि लोहार असे तिघे निघाले. ल्यूकने वाकून एक खडा उचलला, खिशात टाकला आणि घोड्याला टाच मारली. आत्मारामांनीही कारण लिहिलं नव्हतं. इचलकरंजीच्या एसटी स्टँडवर पुस्तक घेणाऱ्याला ते लिहून दाखवायची गरजच नव्हती.

यशोधनने वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. मग तो एकदम खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी बाबांवर संशय घेतला गं."

"त्यांना कळलेलं नाही. उद्या पुढच्या रांगेत बस आणि जोरात टाळ्या वाजव, म्हणजे झालं."

ती उठून करपलेला भात काढू लागली आणि पातेल्यावरच तिचा हात थांबला. एक स्वार वाढवला, दोन घोड्यांचे रंग बदलले. रेन्शने चौथा स्वार वाढवलाय हे तिला स्वतःला आत्ता कळलं. पुस्तक कुलपात. ऋचाला ठाऊक नाही. फ्राऊ केसलर तर फक्त पहिल्या प्रकरणाबद्दल बोलल्या होत्या. मग ज्यांनी 'असली पुस्तकं' आयुष्यात वाचली नाहीत, त्यांना ते सकाळीच कसं ठाऊक होतं?

सकाळी ती कोटाला शेवटची इस्त्री करणाऱ्या आत्मारामांजवळ जाऊन उभी राहिली.

"बाबा, मधे बोलणारे दीनानाथकाका होते. हो ना?"

म्हाताऱ्याने इस्त्री उभी केली.

"सव्वीस वर्षांचं पोर होतं ते. सगळ्या गिरणीत जर्मन येणारा तो एकटा. रेन्शने त्याला इकडे नोकरी लावून दिली. त्याच्या धाकट्या बहिणींची लग्नं त्या नोकरीवर झाली. इथे आल्यावर त्याने ते पुस्तक पाहिलं असणार. बोलला असता तर नोकरी गेली असती. म्हणून गप्प बसला असेल."

"आणि पन्नास वर्षं गप्पच राहिले!"

"आता तो इथल्या पोरांचा आजोबा झालाय. चारचौघांत त्याची अब्रू जाता कामा नये. मीनल, गोष्ट माझी आहे एवढं सिद्ध कर. त्याचं नाव तुझ्या तोंडून येणार नाही, असं मला सांग."

मीनल चडफडली. हातात आलेला साक्षीदार सोडून द्यायचा, म्हणजे अर्धी केस सोडून द्यायची. पण तिने तसं सांगितलं.

६

सलून भरलं होतं. एका बाजूला हॅट आणि बूट घातलेले जर्मन, दुसऱ्या बाजूला साड्या आणि कुर्त्यांतलं मराठी मंडळ. मधे वर्तमानपत्राची बातमीदार. दीनानाथकाका पहिल्या रांगेत होते. आत्माराम कोट घालून ताठ बसले होते, आणि तेवढं ताठ बसायला ब्याऐंशीव्या वर्षी किती जोर लागत असेल हे मीनलला दिसत होतं.

ती उभी राहिली आणि पुस्तकांकडे गेलीच नाही. तिने मराठी बाजूच्या तिघांना एकेक करून बाहेरच्या पडवीत पाठवलं. ऋचा, इंगोलश्टाटहून मुद्दाम आलेला गाड्यांचा इंजिनियर क्षितिज, आणि त्याची आई सुलेखाताई, ज्या गेल्याच आठवड्यात साताऱ्याहून आल्या होत्या. प्रत्येकाला आत बोलावून तिने एकच प्रश्न विचारला, आणि उत्तराचं जर्मन लगेच केलं.

"तुम्ही तिघंच महत्त्वाच्या कामाला निघालात. चौथं कोणी मिळत नाही. काय कराल?"

"खडा घेऊ ना एक. आई ओरडते नाहीतर," ऋचा म्हणाली.

"मी मानत नाही," क्षितिज म्हणाला. "पण खिशात एक खडा टाकायला काय जातं? घर घ्यायला गेलो तेव्हा टाकला होता."

सुलेखाताईंना प्रश्नच कळेना. "अगं, खडा घ्यायचा! तीन तिगाडा, काम बिगाडा. खडा घेतला की चार होतात. हे काय विचारायचं असतं?"

जर्मन बाजूचे कितीतरी हात नकळत डाव्या खिशांवर गेले.

"आमच्याकडे तिघांनी मिळून कामाला निघणं अशुभ मानतात," मीनल म्हणाली. "म्हणून चौथा सोबती म्हणून खडा. माझ्या सासऱ्यांच्या पुस्तकात स्वार तीन आहेत, म्हणून ल्यूक खडा उचलतो. हेर रेन्शनी गोष्ट घेतली आणि तिच्यात ब्रेमेनचा एक तरुण घातला. स्वार चार झाले, खड्याचं काम संपलं. पण खडा कशासाठी होता हे त्यांना माहीतच नव्हतं, म्हणून तो राहिला. उलटं करून बघा. गोष्ट मुळात हेर रेन्शची असती, तर चार स्वारांमध्ये त्यांनी खडा घातलाच कशाला असता? आणि तो नेमका आमच्या घराघरातला कसा निघाला असता? हेर उवे, तुमच्या भिंतीवरच्या कुठल्या पुस्तकात ही रीत आहे?"

"कुठल्याच नाही," उवे उठून म्हणाला. त्याचा आवाज जड होता. "मी काल सगळी पुन्हा पाहिली. पण एक सांगा. हेर्बर्टना मराठी येत नव्हतं. तुमच्या सासऱ्यांना जर्मन येत नाही. ही गोष्ट एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कोणी नेली? तो माणूस दाखवा. नाहीतर ही हुशारी झाली, साक्ष नव्हे."

मीनलने ओठ घट्ट मिटले. पहिल्या रांगेकडे बघायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं होतं. बातमीदार बाईंचं पेन थांबलं. यशोधन मुठी आवळून बसला होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक म्हातारी जर्मन बाई काठी टेकत उठली.

"मला दुसरंच विचारायचंय," ती म्हणाली. "हेर्बर्टचं पुस्तक नायकाचा रिकामा घोडा परत येतो तिथे संपतं. आम्ही कितीदा विचारलं, तो जगला का? हेर्बर्ट हसून विषय बदलायचा. चाळीस वर्षं आम्ही त्यावर भांडतोय. माझा नवरा भांडता भांडता वारला. या गृहस्थांची गोष्ट असेल, तर त्यांना पुढचं माहीत असेल ना?"

मीनलने प्रश्न सासऱ्यांच्या कानात सांगितला. आत्मारामांनी तो ऐकला आणि ते उठले. माइकपाशी चालत गेले. गोष्ट तिथेच का तुटली हे त्या सलूनमध्ये दोघा-तिघांनाच ठाऊक होतं. यंत्रं बसवून झाली होती आणि साहेबाला परत जायचं होतं.

"सांगतो," ते म्हणाले. "अजून सात प्रकरणं आहेत. आणि त्यानंतर सहा पुस्तकं आहेत."

ऋचा भाषांतराला पुढे सरसावली. त्यांनी तिला हाताने थांबवलं आणि पहिल्या रांगेकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता; त्याने आपणहून बोलावं, एवढंच होतं.

"दीनू, ये इकडे. तुझ्याइतकं चांगलं कोणी करत नाही. पण या वेळी गोष्ट कोणाची, ते आधी सांग."

दीनानाथकाका हलले नाहीत. सबंध सलून त्यांच्याकडे बघत होतं. क्षितिज, ऋचा, ज्यांना ज्यांना त्यांनी पहिल्या थंडीत आपला कोट दिला होता ती सगळी पोरं बघत होती. मग ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले, माइकपाशी आले आणि स्वच्छ, जुन्या वळणाच्या जर्मनमध्ये बोलले.

"ही गोष्ट आत्माराम कुंभोजकरांची आहे. शहात्तर साली त्यांनी ती सांगितली आणि हेर रेन्शना मी ती जर्मनमध्ये सांगितली, रोज संध्याकाळी. हेर रेन्शनी ती स्वतःच्या नावावर छापली हे मला अठ्ठ्याहत्तरपासून माहीत आहे. मला नोकरी हवी होती. म्हणून मी बोललो नाही."

पहिला उठला तो उवे. त्याने डोक्यावरची हॅट काढली आणि छातीशी धरली. मग फ्राऊ केसलर उठल्या, ती काठीवाली बाई उठली, आणि बघता बघता सगळं सलून उभं राहिलं. टाळ्यांनी लाकडी भिंती दणाणल्या. यशोधन उघड उघड रडत होता. मीनलच्या छातीत अभिमान मावेना. जगात कोणालाही हात धरून सांगावंसं वाटत होतं की हा माझा सासरा, हा टाइमकीपर, याने गिरणीच्या कँटीनमध्ये बसून यांची सगळी पश्चिम उभी केलीय.

आत्मारामांनी दीनानाथकाकांच्या खांद्यावर एक हात ठेवला आणि दुसरा हात वर करून टाळ्या थांबवल्या.

"बसा, बसा," ते म्हणाले. "टाळ्या मागाहून वाजवा. ल्यूकच्या मांडीत गोळी आहे आणि तो अजून खिंडीत पडलाय."

दीनानाथकाकांनी भाषांतर केलं, आणि सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या.